थ्रॉम्बिनला अडवायचं ते पेशीबाहेरच

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

थ्रॉम्बिन या रक्त गोठवणाऱ्या विकरामुळे (एन्झाइममुळे) रक्तवाहिनीच्या स्नायुपेशी वाढतात, ते जनुक घालून थांबवता येईल का, असं तू विचारलंस. येतं. पण जनुक आत गेलं म्हणजे काम झालं, असं धरू नकोस.

थ्रॉम्बिन पेशीच्या पृष्ठभागावरच्या पीएआर-१ या रिसेप्टरची (संदेश घेणाऱ्या प्रथिनाची) साखळी ४१ व्या जागेवरच्या आर्जिनिन या अमिनो आम्लापाशी कापतं आणि उघडं पडलेलं टोक त्याच रिसेप्टरला चालू करतं. कुलपालाच किल्ली बांधलेली! कापलेलं पुन्हा सांधत नाही, म्हणून अडवणूक त्याआधीच व्हायला हवी. यासाठी मी हिरुडिन निवडेन. जळवेचं हे ६५ अमिनो आम्लांचं प्रथिन थ्रॉम्बिनला एकास एक बांधतं. त्याचा एन-टोकाचा भाग थेट थ्रॉम्बिनच्या खाचेत शिरतो, म्हणून त्या बाजूला टॅग (ओळखीसाठी जोडायचा तुकडा) लावू नकोस. सिग्नल पेप्टाइडही, म्हणजे प्रथिनाला पेशीबाहेर पाठवणारा सुरुवातीचा तुकडा, असा निवड, की तो तुटल्यावर मागे एकही जादा अमिनो आम्ल उरणार नाही. प्रथिन भरपूर आणि रोध शून्य, असं दिसलं तर पहिला संशय इथेच घे.

जनुक पेशीत नेणारा वाहक म्हणून ई-१ (व्हायरसला स्वतःच्या वाढीसाठी लागणारा जनुकांचा भाग) काढलेला अडेनोव्हायरस चालेल. या पेशींवर त्याचा रिसेप्टर कमी असतो, त्यामुळे मात्रा चढी लागते. लॅक-झेड व्हायरसने (ज्यात हिरुडिनऐवजी नुसतं खुणेचं जनुक असतं) पेशीमागे २०, ५०, १००, २०० व्हायरस अशी चाचणी घे आणि पेशी गोल होऊन सुटायला लागतील त्याच्या बरीच खाली थांब. व्हायरस २ टक्के सीरम असलेल्या थोड्या माध्यमात (पेशी वाढवायच्या द्रवात) दे. दुसऱ्या दिवशी पेशी धुऊन ०.१ टक्के सीरमवर आण आणि ४८ तास तशाच ठेव. सीरम रक्त गोठूनच बनतं, शिवाय त्यात वाढीचे घटक असतात. उपाशी न ठेवलेल्या पेशींत फरक दिसणारच नाही.

सगळ्यात घातक सवय म्हणजे थ्रॉम्बिन घालण्याआधी माध्यम बदलणं. हिरुडिन माध्यमात असतं, पेशीवर नाही. माध्यम ओतलंस की प्रयोगही ओतलास. थ्रॉम्बिन त्याच माध्यमात घाल, मिलिलिटरला १ युनिट, म्हणजे साधारण १० नॅनोमोलर. तेवढ्याला निदान ७० नॅनोग्रॅम हिरुडिन लागेल. आधी एस-२२३८ (थ्रॉम्बिनने कापल्यावर रंग देणारं रसायन) घालून ४०५ नॅनोमीटरवर किती थ्रॉम्बिन उरतं ते मोज. थ्रॉम्बिन प्लास्टिकला चिकटतं, म्हणून पातळ करताना ०.१ टक्के अल्ब्युमिन घाल. नाहीतर हिरुडिनचं खोटं श्रेय पदरात पडेल.

ईआरके (पेशीत वाढीचा संदेश पुढे नेणारं प्रथिन) ५ ते १० मिनिटांनी बघ, थायमिडिन (नवा डीएनए किती बनला ते दाखवणारं) २४ तासांनी. आणि एसएफएलएलआरएन पेप्टाइडचा (रिसेप्टरच्या त्या उघड्या टोकाची नक्कल) प्लेटमधला खड्डा गाळू नकोस. ते न कापताच रिसेप्टर चालू करतं, म्हणून हिरुडिनला ते अडवता येत नाही. तिथेही प्रतिसाद बसला असेल, तर पेशी व्हायरसनेच दमल्यात. मात्रा निम्मी कर आणि लॅक-झेडच्या खड्ड्यांशी पुन्हा ताडून बघ.

तुझा मित्र