बेस विकायचा नाही

डोंबिवली, रविवार

चि. अमेय यास,
अनेक आशीर्वाद.

मागच्या आठवड्यात जपानहून केलेला फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, "बाबा, ती बेस गिटार विकून टाका, उगाच जागा अडवतेय." मी हो म्हटलं. त्याच दुपारी स्टूल लावून ती माळ्यावरून खाली काढली. फोटो काढायचा, किंमत टाकायची, विषय संपला, एवढंच डोक्यात होतं. खोळीच्या खिशात एक कात्रण सापडलं. लांब केस, मिशी, हातात बेस. खाली तुझ्या अक्षरात "होसोनो हारुओमी". रिटायर माणसाला वेळच वेळ. नाव फोनमध्ये टाकलं आणि पुढ्यात काय यावं, तर टायटॅनिक!

हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. हा होसोनो हारुओमी जपानचा नावाजलेला बेसवाला, आणि त्याचे आजोबा होसोनो मासाबुमी हे जपान सरकारच्या रेल्वे खात्यातले. रशियातली रेल्वे कशी चालते ते शिकायला सरकारने त्यांना तिकडे धाडलं होतं. लंडनमार्गे घरी परतताना ते टायटॅनिकवर चढले, सेकंड क्लासचं तिकीट. जहाजावरचे ते एकटेच जपानी प्रवासी. एप्रिल १९१२ ची ती रात्र. होडी खाली सोडताना अजून दोघांना जागा आहे अशी हाक आली, एकाने उडी घेतली, त्याच्या मागोमाग यांनीही. वाचले. आणि वाचले म्हणूनच मायदेशी बोलणी खावी लागली. बायकामुलं बुडत असताना पुरुष जिवंत परत आला कसा? पुढे नोकरी गेली, मग कामाचा माणूस म्हणून त्याच खात्याने कंत्राटावर ठेवून घेतलं. मी चौतीस वर्षं रेल्वेत काढली, त्यामुळे "कंत्राटावर ठेवून घेतलं" या शब्दांत काय काय गिळलेलं असतं ते मला नीट कळतं. टायटॅनिकचं नाव छापलेल्या कागदावर बायकोला उद्देशून त्यांनी त्या रात्रीची सगळी हकिगत लिहून ठेवली होती. ती जगापुढे आली १९९७ साली. आजोबा १९३९ ला गेले, नातू १९४७ चा. गाठ पडलीच नाही.

तर असा मी आजोबांच्या दाराने आत शिरलो. नातवाकडे यायला दोन दिवस लागले.

त्याचा बँड हाप्पी एन्डो. चौघंजण: हा बेसवर, ओताकी एइइची आणि सुझुकी शिगेरु गिटारवर, मात्सुमोतो ताकाशी ड्रमवर. गाण्यांचे बरेचसे शब्द ड्रमवाल्याचे, ही मला मोठी गंमत वाटली. तेव्हा तिथे वाद पेटला होता: रॉक जपानीत गाता येतं का? उचिदा युया नावाचा तिथला नावाजलेला गायक म्हणायचा, रॉक इंग्रजीतच हवं, नाहीतर जगात कोण ऐकणार. जपानी बोल त्या तालात बसत नाहीत, असंही म्हणणारे होते. १९७१ च्या आसपास मासिकांतून यावर चर्चा झडल्या. या चौघांनी सरळ जपानीत गायला सुरुवात केली. नोव्हेंबर १९७१ ची त्यांची दुसरी रेकॉर्ड 'काझेमाची रोमान'. २००७ मध्ये तिथल्या एका मासिकाने जपानी रॉकच्या शंभर रेकॉर्डांची यादी केली, तीत हिला पहिला नंबर मिळाला.

तुमचा बँड याच वादात मोडला ना? तू मराठी गाणं लिहून आणलंस आणि बाकीच्यांनी तोंड वाकडं केलं. तेव्हा जेवताना तू ते सांगत होतास आणि मी बातम्यांचा आवाज वाढवला होता. माझ्या लक्षात आहे.

त्या रेकॉर्डमधलं 'काझे ओ आत्सुमेते', वारा गोळा करत, हे गाणं होसोनोनेच गायलं, चालही त्याचीच, शब्द मात्सुमोतोचे. मी त्याचे शब्द तुझ्या जुन्या जपानीच्या वहीशी लावून बघितले. सकाळच्या धुक्यात नुकतीच जागी झालेली ट्राम समुद्र ओलांडताना दिसते, असं काहीसं आहे. मात्सुमोतो टोकियोतलाच. १९६४ च्या ऑलिंपिकसाठी शहर उकरलं गेलं, ओळखीचे रस्ते गेले. मग १९६७ ते ७२ या पाच वर्षांत ट्रामही एकेक करून बंद झाल्या, एखाददुसरी लाइन तेवढी उरली. गेलेलं गाव त्याने शब्दांत पुन्हा वसवलं. आपल्या मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. शेवटच्या ट्रामला लोक लोंबकळत होते, हे तुझे आजोबा दर चार महिन्यांनी सांगायचे आणि आपण "हो, माहितीय" म्हणायचो.

आता मुद्द्याचं. हे गाणं मी आधी फोनवर लावलं. गिटार ऐकू आली, आवाज ऐकू आला, बेस कुठेच नाही. वाटलं, एवढं कात्रण जपून ठेवलंय आणि हा माणूस वाजवतो तरी काय? शेजारचा मुलगा हसला. म्हणाला, "काका, फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून खालचे सूर येतच नाहीत." बेसची सगळ्यात जाड तार सेकंदाला ४१ वेळा हलते म्हणे, तेवढी हवा ढकलायला मोठा पडदा लागतो. त्याने त्याचा हेडफोन माझ्या कानांवर चढवला आणि गाणं पुन्हा लावलं.

अमेय, खाली एक माणूस चालत होता. घाई नाही, दंगा नाही, गाण्याच्या पायाखाली पाऊल टाकत चाललेला. मध्येच एखादं पाऊल जरा लांबवतो, मग परत ठेक्यावर. एकदा तो कानात बसला की बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे हे कळतं. मी ते गाणं चारदा ऐकलं. आई म्हणाली, डाळ करपली, वास आला नाही का.

कॉलेजच्या गॅदरिंगहून परतताना रिक्षात मी तुला म्हणालो होतो, "सगळं छान झालं, पण तुझं वाजवलेलं काही ऐकू आलं नाही." तू रिक्षाबाहेर बघत राहिलास. त्यानंतर तू आम्हाला कुठल्याच कार्यक्रमाला बोलावलं नाहीस. मला वाटायचं, मुलगा मोठा झाला, लाजतो. खरं तर ऐकू येत होतं. तू आतल्या खोलीत वाजवायचास तेव्हा फडताळातले स्टीलचे पेले एकमेकांवर किणकिणायचे आणि आई ओरडायची. ते तूच होतास. पेल्यांना कळत होतं, मला कळलं नाही. चुकलं माझं.

पुढचं भराभर सांगतो, तुला ते पाठच असेल. १९७२ ला बँड लॉस एंजलिसला रेकॉर्डिंगला गेला. त्या शेवटच्या रेकॉर्डचं शेवटचं गाणं 'सायोनारा आमेरिका, सायोनारा निप्पोन'. वर्ष संपता संपता बँडही संपला. होसोनो तेव्हा टोकियोजवळच्या सायतामातल्या सायामाला भाड्याच्या घरात राहायचा. अमेरिकी लष्करी तळाच्या लोकांसाठी बांधलेली जुनी लाकडी घरं होती, त्यांतलं एक. १९७३ च्या सुरुवातीला रेकॉर्डिंगची सामग्री त्या घरातच आणून मांडली, मित्रांना बोलावलं, आणि त्याची 'होसोनो हाउस' ही रेकॉर्ड तयार झाली. मला त्याचं सगळ्यात हेच आवडलं. घरातला आवाज घरासारखा येतो. इनारियामा-कोएन हे स्टेशन सेइबु इकेबुकुरो लाइनवर आहे, मी नकाशात काढून ठेवलंय. एखाद्या रविवारी जाऊन ये आणि प्लॅटफॉर्मचा फोटो पाठव. सिग्नल दिसेल असा.

१९७८ मध्ये तो योकोओ तादानोरी या चित्रकाराबरोबर आपल्याकडे येऊन गेला! भारतात पोट इतकं बिघडलं की हाल झाले. परत जाऊन केलेल्या रेकॉर्डचं नाव 'कोचिन मून'. गाण्यांची नावं म्हणजे हॉटेल मलबारचा तळमजला, वरचा मजला, गच्ची. एक तर मद्रासच्या कॉन्सुल जनरल बाईंच्या नावाने आहे. त्यात सिंथेसायझरचे बुडबुडे ऐकताना मला त्याच्या पोटाचीच आठवण होत होती. आईला हे सांगितलं तर म्हणाली, ताक द्यायला हवं होतं त्याला.

त्याच वर्षी यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा, हा त्याचा तिघांचा नवा बँड. फेब्रुवारीत साकामोतो र्युइची आणि ताकाहाशी युकिहिरो या दोघांना घरी कोतात्सूपाशी, म्हणजे खालून ऊब देणाऱ्या बुटक्या टेबलापाशी, बसवून त्याने वहीतला बेत दाखवला: मार्टिन डेनी या अमेरिकी वादकाचं 'फायरक्रॅकर' सिंथेसायझरवर वाजवायचं आणि जगभर ४० लाख खपवायचं. आकडा ऐकून मला आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीची आठवण झाली, पण हा पठ्ठ्या खरोखर जग फिरून आला. खरं सांगू, मला त्यातलं थोडंच रुचलं. यंत्रं फार. तरी १९८३ मध्ये बँड बंद करताना त्यांनी 'काइसान', म्हणजे विसर्जन, असं न म्हणता अक्षरं उलटी करून 'सान्काइ', पांगणं, म्हटलं, हे मला आवडलं. पांगलेले पुन्हा जमू शकतात. जमलेही. २०२३ च्या जानेवारीत ताकाहाशी गेला, मार्चमध्ये साकामोतो. तिघांतला हाच उरला.

मधल्या काळात त्याने काय नाही केलं! दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर बेस, मात्सुदा सेइकोची गाणी, चित्रपटांचं संगीत. तू ज्या मुजीतून मोजे घेतोस ना, त्या दुकानात वाजवायलासुद्धा संगीत केलं. २०१८ ला फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात पहिल्या आलेल्या 'शॉपलिफ्टर्स'चं संगीत त्याचंच. आणि २०१९ मध्ये, बाहत्तरीला टेकलेला असताना, त्याने 'होसोनो हाउस' पहिल्यापासून पुन्हा वाजवली.

तर गिटारचा फोटो काढलेला नाही आणि काढणारही नाही. रागावू नकोस. तारांना गंज चढलाय, वरची खुंटी घट्ट बसलीय. परवा स्टेशनजवळच्या वाद्यांच्या दुकानात नव्या तारा मागितल्या. त्याने विचारलं, "काका, जाडी कोणती?" मला सांगता येईना. तेवढी कळव. तो हेडफोनही मी शेजाऱ्याला परत दिला नाहीये, नवा आणून देईन म्हटलंय.

तुझा,
बाबा

ता. क. खोळ फाटलीय. आई नवी शिवतेय, विचारते की चेन लावू की नाड्या. आणि तुझ्या त्या मराठी गाण्याचा कागद कुठे ठेवलायस? कपाटात सापडला नाही.