ठेव मागितली, मिळाला विमा
महोदय,

मुदत ठेवीसाठी बँकेत गेलेल्या ज्येष्ठांच्या गळ्यात वर्षानुवर्षे हप्ते भरायची एंडोमेंट (विमा आणि बचत एकत्र) किंवा युलिप (विमा आणि बाजारातील गुंतवणूक एकत्र) पॉलिसी मारली जाते, हे थांबलेच पाहिजे. कागदावर ‘प्रीमियम भरण्याची मुदत’ हा रकाना दिसला, की ती ठेव नव्हे, विमा आहे. पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत लेखी कळवून ती परत करता येते. तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचे (जोखीम) शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि मुद्रांक शुल्क कापून पैसे मिळतात. अर्जाची पोच मात्र घ्याच. अनेक घरांत हा महिना पाकीट न फोडताच निघून जातो! कंपनीने अर्जाला ३० दिवसांत दाद दिली नाही, तर त्यानंतर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, तक्रार करा. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत, शुल्क नाही, वकीलही लागत नाही.

– एक विमा सल्लागार, ठाणे