न झालेल्या दुखापतींसाठी आभार

आदरणीय फिजिओथेरपिस्ट मॅडम,

हे पत्र एकट्या तुम्हालाच देता आलं असतं. पण मुलींना मैदानावर आणणाऱ्या इतर प्रशिक्षकांनी आणि आईवडिलांनीही ते वाचावं, असं मनापासून वाटतं, म्हणून उघड लिहितो आहे.

मागल्या वर्षीचा जानेवारी. रेशीमबागेत सकाळचा सराव सुरू होता. आमची सगळ्यात चपळ चढाईपटू बोनस घेऊन मध्यरेषेकडे वळली, डावा पाय रोवला आणि तिथंच खाली बसली. कुणी तिला हातही लावला नव्हता. "सर, आतून कट् आवाज आला," एवढंच म्हणाली. दुपारपर्यंत गुडघा टम्म सुजला. मी बावीस वर्षं कबड्डी शिकवतो आहे, आणि त्या दिवशी मी सुजलेला गुडघा गरम तेलानं चोळायला सांगितला. आठवडाभरात उभी राहशील, म्हणालो. पंधरा दिवसांनी एमआरआयमध्ये दिसलं की एसीएल, म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी गुडघ्यात बांधून ठेवणारं लिगामेंट, पूर्ण तुटलं आहे. फेब्रुवारीत शस्त्रक्रिया झाली. तिच्याच मांडीमागचा कंडरा काढून नवं लिगामेंट बसवलं.

शस्त्रक्रिया झाली म्हणजे काम झालं, असं मला वाटत होतं. तुमच्याकडे आलो तेव्हा "मॅडम, करंट द्या, शेक द्या" असं मीच म्हणालो होतो. तुम्ही शांतपणे सांगितलंत की मशीननं दुखणं थोडं कमी होईल, पण नुसतं मशीन स्नायू बांधत नाही. गुडघ्यात सूज असली की मेंदू मांडीचा पुढचा स्नायू बंदच ठेवतो, आधी तो जागा करायचा, हे मी पहिल्यांदा ऐकलं. तुम्ही टेप लावून दोन्ही मांड्या मोजल्या. डावी चार सेंटिमीटरनं बारीक झाली होती. तो आकडा पाहून पोट्टी रडली. तुम्ही तिला रडू दिलंत, मग टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून म्हणालात, "आज फक्त पाय सरळ करायचा. पूर्ण सरळ. वाकवायचं नंतर बघू."

तिची आई कॉटन मार्केटात भाजी विकते. रोज क्लिनिकला आणणं तिला जमणार नव्हतं. तुम्ही आठवड्यातून दोनदाच बोलावलंत आणि बाकीचं घरच्या सामानावर बसवलंत: घोट्याला बांधलेली एक किलो तांदळाची पिशवी, पुढे दोन किलो, चढउतार करायला घराची पायरी, ताण द्यायला ओढणी. एप्रिल-मेच्या उन्हात, कूलरचं पाणी संपलेल्या खोलीत तिनं ते केलं. वहीत रोज खुणा केल्या. ती वही माझ्याकडे आहे.

खरी भीती पुढे होती, आणि ती फक्त तुम्हालाच दिसत होती. तिसऱ्या महिन्यात दुखणं थांबलं. पोट्टी म्हणे, "सर, आता काहीच नाही होत जी." जुलैत निवड चाचणी होती. तिला उतरवू द्या म्हणून मी तुमच्याशी वाद घातला, आवाज चढवला. त्याची माफी मी इथे सगळ्यांसमोर मागतो. तुम्ही कागदावर चित्र काढून समजावलंत: बसवलेला कंडरा पहिल्या काही महिन्यांत आधी कमकुवत होतो, मग त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, आणि हळूहळू तो लिगामेंटचं काम शिकतो. दुखणं मात्र त्याच्या कितीतरी आधी थांबतं. म्हणून बरं वाटायला लागतं, तोच काळ सगळ्यात जपायचा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा आकडाही सांगितलात. नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितकं पुढे ढकलाल, तितका पुन्हा दुखापतीचा धोका दर महिन्याला जवळपास निम्म्यानं उतरतो.

नऊ महिने भरले तेव्हा मी ट्रॅकसूट घेऊनच आलो होतो. तुम्ही तिला एका पायावर लांब उडी मारायला लावली. डाव्या पायाची उडी उजव्याच्या ८४ टक्के भरली. किमान ९० हवेत, म्हणालात, आणि परत पाठवलंत. डिसेंबरात ९३ भरली. त्या दिवशी तुमचेच डोळे भरले होते, मॅडम. मी पाहिलं.

तरी मला आभार मानायचे आहेत ते प्रामुख्यानं याच्या पुढच्या गोष्टीचे. तुम्ही एका रविवारी आपण होऊन मैदानावर आलात. बाराही जणींना बाकावरून खाली उडी मारायला सांगितलीत आणि मोबाइलवर टिपून मला दाखवलंत. पाय जमिनीवर टेकताना सात जणींचे गुडघे आत वळत होते. माझ्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षं हे चाललं होतं आणि मला दिसलं नव्हतं. वयात येणाऱ्या मुलींमध्ये उंची आणि वजन वाढतं, पण नितंबाची आणि मांडीची ताकद त्या वेगानं वाढत नाही, मुलांपेक्षा त्यांचं एसीएल जास्त तुटण्याचं हे एक कारण आहे, असं तुम्ही सांगितलंत. तेव्हा मला त्या तीन मुली आठवल्या, ज्या गेल्या बावीस वर्षांत "गुडघा गेला" म्हणून खेळ सोडून गेल्या. मी त्याला नशीब म्हणत आलो होतो.

आधी आमचा वॉर्मअप म्हणजे मैदानाला तीन फेऱ्या आणि थेट चढाई. आता आठवड्यातून तीन दिवस वीस मिनिटं तुमची: एका पायावर तोल, साइड प्लँक, जोडीदारानं घोटे धरून गुडघ्यांवरून हळूहळू पुढे झुकणं, आणि आवाज न करता उडीतून टेकणं. फुटबॉलच्या फिफानं असाच वीस मिनिटांचा कार्यक्रम केला आहे. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर तो वापरून पाहिला, तेव्हा एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशानं कमी झाल्या, हे तुम्हीच सांगितलंत. त्यावर तुम्ही पकडीसाठी दोन व्यायाम वाढवलेत, कारण आमच्या कोपऱ्यातल्या पोट्ट्या घोटा धरायला वाकतात तेव्हा भार कमरेवर येतो.

यंदा पूर्ण हंगामात एकीचाही गुडघा गेला नाही. बोटं मुरगळली, कोपरं खरचटली, तेवढंच. तुटलेलं जोडलं की लोक पेढे आणतात. जे तुटलंच नाही, त्याचे पेढे तुम्हाला कुणी आणून दिले नाहीत.

तुमची पेशंट आता शनिवारी लहान मुलींना टेकणं शिकवते. "गुडघा बोटांच्या रेषेत, आवाज नको," हे अगदी तुमच्या सुरात म्हणते. तिच्या आईनं मुद्दाम निरोप दिला आहे: बाजारात सांबार, म्हणजे कोथिंबीर, स्वस्त झाला आहे, सांबारवड्या करणार आहे, पहिला डबा मॅडमचा. रविवारी सकाळी साडेसहाला मैदानावर या. चार नव्या पोट्ट्या आल्या आहेत, त्यांच्या उड्या तुम्हाला दाखवायच्या आहेत.

आपला कृतज्ञ,
मुलींच्या कबड्डी संघाचा प्रशिक्षक
महाल, नागपूर