नोकरी बदलताना पीएफ मोडू नका

संपादक महोदय,

पहिली नोकरी सुटली की दोन-तीन वर्षांचा पीएफ काढून घ्यायचा आणि गाडी किंवा मोबाइल घ्यायचा, असे पंचविशीतली मुलेमुली सर्रास करतात. रक्कम किरकोळ वाटते, म्हणून ती मोडते.

मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15,000 रुपये असतील, तर कर्मचाऱ्याचे 12 टक्के म्हणजे 1,800 रुपये कापले जातात. मालकही 1,800 भरतो; पण त्यातले 1,250 पेन्शन योजनेत जातात आणि पीएफमध्ये 550 येतात. महिन्याला 2,350 जमा. तीन वर्षांत व्याजासह साधारण 95 हजार. पंचविसाव्या वर्षी ते तसेच ठेवले आणि सरासरी 8 टक्के व्याज धरले, तर पुढे एक रुपयाही न घालता अठ्ठावन्नाव्या वर्षी सुमारे 12 लाख होतात. शिवाय सलग पाच वर्षांची नोकरी होण्याआधी काढलेल्या पीएफवर कर लागतो. खाते नव्या कंपनीत वर्ग केले, तर जुन्या नोकरीची वर्षेही या पाचांत धरली जातात.

पेन्शनचे नुकसान तर कुणाच्या ध्यानातच येत नाही. मासिक पेन्शनसाठी किमान 10 वर्षांची सेवा लागते. 10-सी फॉर्म भरून पेन्शनचे पैसे उचलले की तेवढी सेवा पुसली जाते. नोकरीत खंड पडणार असेल, तर त्याच फॉर्मवर पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे आधीची सेवा पुढे धरली जाण्यासाठीचा दाखला, मागावे.

नव्या कंपनीत फॉर्म 11 (पीएफचे घोषणापत्र) भरताना जुनाच यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफ क्रमांक, द्यावा. तो लपवला किंवा विसरला, तर दुसरा यूएएन तयार होऊ शकतो आणि पुढे दोन्ही जुळवताना दमछाक होते. खाते वर्ग करण्याचा अर्ज पीएफच्या पोर्टलवरच करता येतो. तो अडकतो मुख्यतः दोन कारणांनी: आधारवरचे आणि पीएफमधले नाव किंवा जन्मतारीख जुळत नाही, किंवा जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसते. कंपनीने ती भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी कर्मचाऱ्याला स्वतः भरता येते. नावातली चूक मात्र राजीनामा देण्याआधीच दुरुस्त करून घ्यावी. नंतर जुन्या कंपनीत कुणी दाद देत नाही.

खाते वर्ग झाल्यावर पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसते. घाबरून तक्रार करू नये. पेन्शनची रक्कम वर्ग होत नसते, सेवेची वर्षे वर्ग होतात. ती पोर्टलवरच्या सर्व्हिस हिस्टरीत तपासावीत.

आपले,
पगारपत्रकाचे काम पाहणारे वाचक, पुणे