डेक मी घेऊन आलेय

प्रिय आई-बाबा,

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही नुसतं "बरं, ठीक आहे" म्हणालात आणि लगेच आईच्या हातात फोन दिलात. तेव्हाच कळलं मला. म्हणून पत्र लिहितेय. फोनवर माझं निम्मं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही आणि उरलेलं तुम्ही विचारत नाही.

आधी सगळं एकदाच सांगून टाकते. तुमचा कॅसेटचा डेक मी नेलाय. माळ्यावरच्या ८३ कॅसेटीही मीच नेल्यात. तुम्ही टाक्यांचं ड्रेसिंग करायला गेला होतात, त्या तासाभरात गाडीत भरल्या. आईला माहीत होतं, पण गप्प राहायला मीच सांगितलं होतं, तेव्हा तिच्यावर चिडू नका. तुम्हाला विचारायला हवं होतं, कबूल. पण विचारलं असतं तर "पावसाळा जाऊ दे" म्हणाला असतात, आणि या पावसाळ्यातच रात्री साडेअकराला तुम्ही त्या स्टुलावरून पडलात. टाके भुवईवर पडले. बोटभर खाली लागलं असतं तर, हे मनात आलं की मला झोप लागत नाही.

एकही कॅसेट टाकून देणार नाही. पुन्हा लिहिते, एकही नाही. सगळ्या त्यांच्या डब्यांसकट, तुमच्या लाल अक्षरांसकट परत येतील. अकरा कॅसेटींच्या खिडकीतून टेपच्या कडेवर पांढरी बुरशी दिसतेय. पार्ल्याची हवा आणि बंद माळा, दुसरं काय होणार? त्या वेगळ्या ठेवल्यात. साफ केल्याशिवाय त्या लावायच्या नाहीत, नाहीतर बुरशी हेडला, म्हणजे डेकमधल्या टेप वाचणाऱ्या भागाला लागते आणि तिथून चांगल्या कॅसेटींत जाते.

कॅसेटी ने, पण डेक कशाला नेलास, असं तुम्ही आईला म्हणालात. खरं तर इथे पुण्यात मी एक जुना डेक मिळवला होता. त्यावर आईची तोडी रागाची कॅसेट लावली, तर ती रजईच्या आतून गातेय असं वाटलं. तीच कॅसेट तुमच्या डेकवर लावली आणि शब्द सुटे झाले. कारण हेडचा कोन. ज्या डेकवर भरलं त्याचं हेड केसभर तिरकं असेल, तर टेपवर सगळं तेवढंच तिरकं उमटतं. दुसऱ्या डेकच्या सरळ हेडला मग त्यातलं बारीक, वरचं काही नीट उचलता येत नाही. इतक्या वर्षांत तुमचा डेक आणि आईच्या कॅसेटी एकमेकांच्या सवयीच्या झाल्यात. त्यांना वेगळं करून चाललं नसतं. शिवाय तो टेप गुंडाळायला लागला होता, हे तुम्ही मला सांगितलं नव्हतंत. टेप दाबून पुढे ओढणाऱ्या पिंच रोलरचं रबर कडक, गुळगुळीत झालं होतं. रोलर आणि बेल्ट नवे घातलेत. दुरुस्तीवाल्याच्या शेजारी मी दोन तास उभी होते आणि हेडच्या स्क्रूला त्याला हात लावू दिला नाही. लॅमिंग्टन रोडवरून तुम्ही तो डेक मांडीवर घेऊन लोकलने आणला होतात, हे मी विसरलेले नाही.

आता डेकच्या जागी जो काळा सीडी रेकॉर्डर आहे त्याबद्दल. तो नवा नाही, सेकंडहँड आहे, पण आठवडाभर चालवून बघून मगच आणला. दादाचं म्हणणं होतं की सगळं एका पेन ड्राइव्हमध्ये घालून दे. मला ते पटलं नाही. तुम्हाला हातात धरायला काहीतरी लागतं, नंबर घालायला लागतो, वहीत नोंद लागते. एक प्रत माझ्याकडे हार्ड डिस्कवर राहीलच, कारण सीडीसुद्धा कधीतरी खराब होते. पण तुमच्यासाठी सीडीच. एका सीडीत ८० मिनिटं बसतात. ६०च्या कॅसेटी अख्ख्या मावतात. ९०च्या मावत नाहीत, म्हणून त्यांच्या दोन बाजूंच्या दोन सीडी करतेय. तुमच्या वहीतले नंबर तसेच राहतील, त्यात मी काहीही हलवणार नाही.

वायरी डेकच्या होत्या तिथेच लावल्यात. अ‍ॅम्प्लिफायरच्या 'रेक आउट'मधून रेकॉर्डरच्या 'इन'मध्ये, आणि त्याच्या 'आउट'मधून परत 'टेप प्ले'मध्ये. म्हणजे ऐकायचं तर टेपचं बटण, रेडिओवरून भरायचं तर ट्यूनर. आई, सकाळची आकाशवाणी तुझी तशीच लागेल, त्या बटणाला मी हातही लावलेला नाही. आणि भरणं चालू असताना कोणी आलं तर आवाज खुशाल कमी करा. रेक आउट आवाजाच्या बटणाच्या आधीच निघतं, रेकॉर्डिंगला काही होत नाही.

बाबा, एक सवय मात्र सोडावी लागेल. खरखर दबावी म्हणून तुम्ही काटा लाल रेषेत नेऊन भरायचात. टेप ते थोडंफार सोसते, सीडी अजिबात सोसत नाही. मीटरवरच्या शून्याच्या वर तिला काही लिहिताच येत नाही, सूर तिथे सपाट कापला जातो आणि चरचरतो. सगळ्यांत मोठा आवाज उणे सहाच्या आसपास राहू द्या. सीडीला स्वतःची तशी खरखर नाही, म्हणून आवाज वर चढवायची गरजच नाही.

सीडी 'म्युझिक' लिहिलेलीच घालायची. कॉम्प्युटरची साधी सीडी-आर दिसायला तशीच असते, पण हा रेकॉर्डर ती घेत नाही. तीस सीडी मिळवून टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवल्यात. त्यातल्या दोन 'आरडब्ल्यू' आहेत, त्या पुसून पुन्हा भरता येतात. पहिले पंधरा दिवस त्यांच्यावरच हात बसवा. भरून झालं की 'फायनलाइज'. ते केल्याशिवाय सीडी दुसऱ्या प्लेअरवर लागत नाही, आणि एकदा केलं की आरडब्ल्यू नसलेल्या सीडीत आणखी काही भरता येत नाही. चालू असताना बटण बंद करायचं नाही, मिनिटं लागतात ती लागू द्या. नाव लिहायला मऊ टोकाचा मार्कर ठेवलाय, बॉलपेन नको. आणि भरलेल्या सीड्या खिडकीत उन्हाला ठेवू नका.

आई, अ‍ॅम्प्लिफायरवर विणलेला रुमाल पुन्हा घालू नकोस. मला माहीत आहे तो आजीचा आहे. शोकेसमध्ये घाल, छान दिसेल. वरच्या फटींतून गरम हवा बाहेर पडावी लागते. डावा स्पीकर सोफ्यामागे होता तो पुढे आणलाय, तुम्ही दोघं बसता तिथून दोन्ही सारख्या अंतरावर. वायर भिंतीच्या कडेने चिकटवलीय, रात्री बाथरूमला जाताना पायात येणार नाही. मी अंधारात तीनदा चालून बघितलं.

आणि आई, आता फक्त तुझ्याशी. "माझं काय ऐकायचंय त्यात," म्हणालीस. तुझ्या १४ कॅसेटी आहेत, आणि सगळ्यांची मागची दातं बाबांनी मोडून ठेवलीत, त्यांच्यावर चुकून दुसरं काही भरलं जाऊ नये म्हणून. कॅसेट जेवढा वेळ वाजते तेवढाच वेळ ती सीडीवर घ्यायला लागतो, म्हणून चौदाच्या चौदा मी समोर बसून ऐकल्या. माझ्याकडच्या रेकॉर्डरला गाण्याचे तुकडे आपोआप पाडायला सांगितलं, तर तू आलापात थांबलीस की त्याला वाटायचं गाणं संपलं. शेवटी ते बंद करून हातानेच खुणा घातल्या.

तुझ्या आवाजामागे पंखा आहे, शेजारचा कुकर आहे, विमानं आहेत. विमान उतरायला लागलं की तू गप्प होतेस, ते जाईपर्यंत वाट बघतेस आणि सोडलेल्या सुरावरूनच पुन्हा उचलतेस. बाबांच्या वहीत त्या तारखेसमोर '२ विमानं' अशी नोंद आहे.

आणि मी आहे, प्रत्येक कॅसेटवर. "आई, रिबीन सापडत नाही." "आई, दादाने मारलं." तान अर्धी राहते, तुझ्या बांगड्या वाजतात, कपाट उघडल्याचा आवाज येतो. मग तू परत येऊन बसतेस. एका कॅसेटवर परत आलीच नाहीस, बाजू संपेपर्यंत नुसता पंखा आहे. मला तेव्हा ताप होता. बाबांच्या वहीत तेही आहे.

मी यातलं काहीच कापलेलं नाही. नाशिकहून परत आल्यावर तंबोरा गवसणीत गेला, त्यावर आपण कधी बोललो नाही. तुला नको असेल तर आताही नको. पण तुझी ललत ऐकून मी चिन्मयला शाळेत सोडायला विसरले, एवढं तुला कळायला हवं. तो पलंगावर माझ्याशेजारी दप्तर घेऊन बसला होता आणि त्यानेही आठवण केली नाही.

बाबा, आता ज्यासाठी तुम्ही स्टुलावर चढलात ते. दोन वर्षं तुम्ही म्हणताय की कॅसेटींतून आईचा आवाज उडत चाललाय. ती झोपल्यावर हेडफोन लावून एकेक कॅसेट तपासत होतात. आवाज उडालेला नाही. तुमच्याकडे माइक एकच होता आणि तो तुम्ही डेकच्या डाव्या जॅकमध्ये लावायचात. आईचं सगळं गाणं टेपवर फक्त डाव्या बाजूला आहे, उजवीकडे नुसती सरसर. म्हणजे हेडफोनमध्ये ती फक्त तुमच्या डाव्या कानात येते. मीटरवर मी पुन्हा पुन्हा पाहिलं, डावा काटा भरपूर हलतो. टेपला काही झालेलं नाही, बाबा. तुम्ही ती नीट सांभाळलीत.

कानाचंही फार काही नसेल. २२ तारखेला मी येतेय, तपासणीची वेळ घेतलीय, पैसे भरलेत, आता नाही म्हणू नका. यंत्र लावावं लागलं तर लावायचं. चष्मा लावताना तुम्ही कुठे वाद घातला होता?

सीडीवर घेताना डाव्या पिनेला फाट्याची वायर लावून मी आईला दोन्ही बाजूंना आणलंय. पाकिटात पहिल्या चार सीड्या आहेत. १ नंबरची १९८५ची तोडी आहे. आज रात्री बीपीची गोळी घेऊन मग ऐका. हेडफोन लावा, आता उजव्या कानातही येईल. आणि आई झोपायच्या आधी लावा.

तुमची
मनू

ता. क. स्टूल मी खाली वॉचमनला देऊन टाकलंय. माळ्यावरचं काही लागलं तर त्यालाच हाक मारायची, मी त्याच्याशी बोललेय.