अहिराणीच लिही

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज म्हणालास, "जनगणनेत मातृभाषा मराठीच सांगणार, अहिराणी म्हणजे मराठीच की." सूनबाई बाजूला होती म्हणून बोलले नाही. आता सवडीने लिहिते.

२०११ला मी साक्री तालुक्यात प्रगणक होते. एका ओट्यावर तक्ता भरत बसले होते. घरातली म्हातारी आत सुनेला हाका मारत होती, "च्या ठेव वं, बाई उनी शे!" मी मातृभाषा विचारली, तर पदर नीट करून म्हणाली, "मराठीच लिवा ना बाई." सांगतील तेच लिहायचं, असा नियम. लिहिलं. सगळ्या गल्लीत तीच तऱ्हा.

त्या जनगणनेत 'खानदेशी' भरली सुमारे १८.६ लाख, अहिराणी तिच्यातच धरलेली. धुळं, नंदुरबार, जळगाव, शिवाय बागलाण-मालेगावचा पट्टा ज्याने पाहिलाय त्याला हा आकडा पटायचा नाही.

अहिराणी बोली की भाषा, हा वाद अभ्यासकांनी घालावा. जनगणना तिला मराठीत मोजत नाही, वेगळ्या ओळीत धरते. मराठीच्या ओळीत ८.३ कोटी माणसं आहेत, २०२४ला अभिजात दर्जाही मिळाला. तुझ्यावाचून तिचं काही अडत नाही. आणि मातृभाषा म्हणजे लहानपणी आई ज्या भाषेत बोलली ती, अशी जनगणनेचीच व्याख्या आहे. म्हणजे साक्षीदार मी! तुला न्हाऊमाखू घालताना मी 'शे' सोडून मराठीतलं 'आहे-नाही' केल्याचं मला तरी आठवत नाही. मराठी तुला शाळेने दिली. ती 'इतर भाषा'त लिही. तिथे जागा दोनच, तेव्हा हिंदी, इंग्रजी, कन्नड उरलेल्या एका जागेसाठी भांडोत.

सूनबाई तुळू लिहिणार, याची मला खात्री आहे. तुळूही २०११ला साडेअठरा लाखांच्या आतबाहेर, म्हणजे आपल्याच बरोबरीची. दोन्ही राज्यघटनेतल्या भाषांच्या यादीबाहेर, म्हणजे आठव्या अनुसूचीबाहेर, आणि २४,८२१ जणांची संस्कृत आत! पण तुळूवाले मागणी लावून धरतात, आपले लोक मराठी सांगून मोकळे होतात.

छकुलीचं म्हणशील, तर तान्ह्या बाळाला आईचीच भाषा लावतात. ती तुळू ठरली तर मला आनंदच आहे. तू मात्र तिच्याशी इंग्रजीत का बोलतोस, ते मला कळत नाही. तू अहिराणी बोल, सूनबाईला तुळू बोलू दे. कन्नड ती खाली खेळायला गेली की आपसूक उचलेल.

माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७मध्ये आहे. ऑनलाइन स्वतः भरणार असशील तर 'अहिराणी' असंच लिही, गट पाडायचं काम त्यांचं.

कळण्याचं पीठ कुरियरने टाकलंय. सूनबाईला भाकरी थापता आली नाही तर तू थाप.

तुझी,
आई