काडतूस हा नेमबाजाचा खुराक आहे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

शिवाजी उद्यमनगरात माझे छोटे शॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन. एकतीस वर्षे टर्निंगचे काम करतोय, त्यातली पहिली चौदा दुसऱ्याच्या मशीनवर. माझी धाकटी मुलगी चार वर्षांपासून पिस्तूल नेमबाजी करते. आधी दहा मीटर एअर पिस्तूल, आता पंचवीस मीटरही. लोखंड आणि नेमबाजी या दोन्हींशी माझा संबंध आहे, म्हणूनच नेमबाज मुलांना भासणाऱ्या काडतुसांच्या तुटवड्याबद्दल हे पत्र लिहायचे धाडस करतोय.

गणपती होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. शटर ओढायच्या वेळी एक मुलगा शॉपवर आला. कॉलेजात शिकतो, रेंजवर माझ्या मुलीच्या शेजारच्या लेनवर असतो. त्याने खिशातून रुमाल काढून टेबलावर सोडला. आत काडतुसाच्या पाच रिकाम्या पुंगळ्या, पॉइंट थ्री टूच्या (हे पिस्तुलाच्या नळीचे इंचातले माप). सोबत वहीच्या पानावर पेन्सिलने काढलेले ड्रॉइंग. म्हणाला, "काका, एवढी डाय करून देता काय? ईएन एकतीसमध्ये. हार्डनिंग मी बाहेरून करून आणतो." डाय म्हणजे पुंगळी दाबून मापात आणायचा साचा, आणि ईएन एकतीस हे कडक करता येणारे पोलाद.

ड्रॉइंग खरोखर चांगले होते. टॉलरन्स लिहिलेला, आतल्या टेपरचा कोन दाखवलेला. इतके स्वच्छ ड्रॉइंग माझ्याकडे येणारे काही जॉबवालेसुद्धा देत नाहीत. पाच मिनिटे मी ते कारागिराच्या नजरेनेच बघत राहिलो.

वाचकांना थोडे समजावून सांगतो. सेंटर फायर काडतुसात चार गोष्टी असतात: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली छोटी टोपी म्हणजे प्रायमर, दारू आणि पुढे गोळी. गोळी उडाली की पुंगळी चेंबरमध्ये फुगते, पण वाया जात नाही. ती डायमध्ये दाबली की पुन्हा मापात येते, डायमधली पिन जुनी टोपी बाहेर ढकलते. मग नवी टोपी, मोजलेली दारू, वर गोळी, आणि तोंड जरासे आवळायचे. एका हातप्रेसवर हे सगळे होते. अमेरिकेत कितीतरी नेमबाज घरच्या गॅरेजमध्ये अशी काडतुसे भरतात आणि तिथल्या कायद्याला ते चालते. खर्च वाचतो, शिवाय आपल्या पिस्तुलाला मानवेल तसे काडतूस करता येते. या मुलाने महिनोन्‌महिने त्याचे व्हिडिओ पाहिले होते. त्याचा मला राग आला नाही. काडतुसे संपली म्हणून सरावाला मुकलेला मुलगा आणखी काय करणार?

तरी मी नाही म्हणालो.

कायद्याचे आधी सांगून टाकतो. आपल्याकडच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याची जी व्याख्या आहे, तिच्यात काडतुसाचे सुटे भाग येतात आणि ते बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा येते. म्हणजे माझ्या लेथवरून उतरलेली ती डाय, तिला दारूचा एक कणही लागलेला नसताना, कायद्याच्या नजरेत दारूगोळाच. परवान्याशिवाय असले काही बनवणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप होऊ शकते. "जिवंत काडतुसे जप्त" ही बातमी आपल्या पानावर आपण सगळेच वाचतो. त्या बातमीखाली आपल्या घरातल्या पोराचा फोटो यावा, असे कुणाला वाटेल? तो खेळाडू होता की आणखी कोण, हे कोर्टात ठरेपर्यंत त्याची उमेदीची वर्षे निघून जातील.

पण कायद्याने चालले असते तरी मी ती डाय केली नसती. त्याचे कारण माझ्या धंद्यातले आहे.

लेथवर मी शंभर बुश (दांड्यावर बसणारी छोटी नळकांडी) काढले आणि त्यातला एक खराब निघाला, तर तो मला सापडतो. गो-नो गो गेज लावले की कळते, मायक्रोमीटर लावला की कळते, नाहीच तर नखाला कळते. खराब पीस भंगारात टाकला की विषय संपला. भरलेल्या काडतुसाचे तसे नाही. पॉइंट थ्री टूच्या टार्गेट काडतुसात दारू जेमतेम चिमूटभर असते, ग्रॅमच्या दहाव्या भागाच्या आसपास. फोन वाजला, आईने हाक मारली, लक्ष हलले आणि त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा दारू पडली, तरी ती आत सहज मावते. वर गोळी बसली की बाहेरून ते काडतूस बाकीच्यांसारखेच दिसते. व्हर्नियरला सारखे, डोळ्याला सारखे. उलट एखाद्यात दारू पडायचीच राहिली, तर नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी निघते आणि नळीत मध्येच अडकून बसते. आवाज दबका येतो. नवख्याला वाटते काडतूस फुसके गेले, तो पुढचा ट्रिगर ओढतो, आणि अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी आदळून नळी फुगते किंवा फाटते. पिस्तूल चेहऱ्यापासून एका हाताच्या अंतरावर असते. शेजारच्या लेनवर दुसऱ्या कुणाचे तरी लेकरू उभे असते. या लेनवर माझे.

जो दोष बनवणाऱ्यालाच दिसत नाही, तो असलेला माल मी आजवर कुणाच्या हाती दिलेला नाही.

आणखी एक गोष्ट त्याने सहज सांगितली आणि माझ्या अंगावर काटा आला. गोळ्या तो घरीच ओतणार होता. भंगारातले शिसे आणायचे आणि स्वयंपाकघरात गॅसवर वितळवायचे. आपण फौंड्रीच्या गावातली माणसे. वितळलेल्या धातूजवळ कोण कसा उभा राहतो, कुठे पंखा लागतो, कुठे धुराडे लागते, हे इथल्या हेल्परलाही माहीत असते. शिशाचे विष अंगात साचत जाते आणि लहान मुलांना सर्वांत जास्त बाधते. ज्या कट्ट्यावर भाकरी थापतात तिथे शिसे? रेंजवरून आल्यावर माझी मुलगी साबणाने हात धुतल्याशिवाय पाण्याच्या तांब्यालाही हात लावत नाही, ही सवय तिच्या प्रशिक्षकांनी पहिल्या आठवड्यात लावली. आणि पेठेतल्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात दारूचा डबा ठेवायचा कुठे?

या मुलाचा निदान पॉइंट थ्री टूचा तरी हिशेब होता. रेंजवर बाकड्यावर बसलेल्या पालकांत मात्र वेगळीच चर्चा ऐकू येते. पोरांच्या पॉइंट टू टूच्या पुंगळ्या गोळा करून ठेवूया, कुणीतरी भरून देईल, निम्म्या खर्चात भागेल. त्यांना हात जोडून सांगतो, तसे होत नाही. पॉइंट टू टूच्या काडतुसाला वेगळी टोपीच नसते. पेटणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेत, त्या पातळ घडीत भरलेला असतो. फायरिंग पिन त्या कडेवर आपटते आणि कड चेपते. एकदा चेपली की तिचे काम संपले. आपली बहुतेक मुले-मुली एअर पिस्तूल नाहीतर पॉइंट टू टूवर आहेत. पॉइंट थ्री टू लागते ते पुरुषांच्या सेंटर फायरला. ज्या प्रकारात जसपाल राणांनी २००६ च्या दोहा एशियाडमध्ये ५९० गुण करून जागतिक विक्रमाची बरोबरी केली, तो हाच. तो ऑलिंपिकमध्ये नाही. म्हणजे घरी काडतुसे भरायची मोकळीक उद्या मिळाली, तरी माझ्या मुलीला आणि तिच्याबरोबरच्या पोरींना त्याचा एका गोळीचाही उपयोग नाही.

त्यांना लागतात ती काडतुसे. वेळेवर, पुरेशी आणि एकाच लॉटची.

लॉट म्हणजे कारखान्यात एका खेपेला बनलेला माल. हे प्रकरण मला मुलीमुळे कळले. त्याच कंपनीची, त्याच नावाची पेटी असली तरी लॉट नंबर बदलला की गोळ्या टार्गेटवर जरा वेगळ्या पडतात. मोठे नेमबाज आपल्या नळीवर वेगवेगळे लॉट तपासून बघतात आणि मानवला तो लॉट एकदम घेऊन ठेवतात. माझ्या मुलीला गेल्या हंगामात तीन वेगवेगळे लॉट मिळाले, तेही मोजून. पंचवीस मीटरच्या मॅचमध्ये ६० गोळ्या. पहिल्या ३० प्रिसिजनच्या, पाच-पाचच्या सहा सिरीज, प्रत्येकीला पाच मिनिटे. मग ३० रॅपिडच्या. टार्गेट तीन सेकंद दिसते, सात सेकंद जाते, पुन्हा तीन सेकंद. दर वेळी हात खालून वर आणायचा आणि एकच गोळी मारायची. आठवड्यात पाच दिवस, दिवसाला निदान ऐंशी गोळ्या हव्यात असे तिचे प्रशिक्षक सांगतात. म्हणजे महिन्याला सोळाशे. एका महिन्यात तिच्या वाट्याला दोनशे आल्या होत्या.

त्या महिन्यात तिने घरी कोऱ्या भिंतीसमोर उभे राहून ड्राय केले. काडतूस नाही, नुसता हात, श्वास आणि ट्रिगर. रोज तासभर. मी जेवायला बसलो की पलीकडच्या खोलीतून क्लिक ऐकू यायचे, थोडा वेळ शांत, पुन्हा क्लिक. ड्रायने खूप काही येते, प्रिसिजनला तर फारच. पण रॅपिडमध्ये झटका बसल्यावर मनगट कसे वागते, फ्रंट साइट पुन्हा कुठे येऊन बसते, हे भिंत शिकवत नाही. पुढच्या स्पर्धेत तिचे प्रिसिजनचे गुण वाढले आणि रॅपिडचे घसरले. स्कोअरशीट मी बघितली तेव्हा मला काडतुसांचा तुटवडा त्यात आकड्यांत लिहिलेला दिसला.

हे कोल्हापुरात घडावे याचे वाईट वाटते. राही सरनोबत याच गावची. २०१३ मध्ये चांगवॉनला पंचवीस मीटर पिस्तुलात वर्ल्ड कपचे सुवर्ण, २०१८ मध्ये जकार्ता-पालेम्बांग एशियाडमध्ये दोन शूटऑफ, म्हणजे बरोबरी फोडायच्या जादा फेऱ्या, खेळून सुवर्ण. एशियाडमध्ये नेमबाजीचे सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली तीही इथलीच. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य घेतले, तेव्हा आमच्या उद्यमनगरात मशीन बंद करून लोकांनी पेढे वाटले. दुधाळीच्या रेंजवर आज जी पोरे उभी आहेत त्यांच्या बॅगेवर ही नावे पेनाने लिहिलेली मी पाहिली आहेत.

शाहू महाराजांनी या गावाला तालमी दिल्या, १९१२ मध्ये खासबाग मैदान दिले, आणि मल्लाच्या खुराकाची काळजी घेतली. दूध, तूप, बदाम पैलवानाने कुठून आणायचे हा प्रश्न त्याच्यावर टाकला नाही. आजही काही साखर कारखाने मल्लांना मानधन देतात. काडतूस हा नेमबाजाचा खुराक आहे. आमच्या तालमीतल्या पोराला जोर-बैठका जितक्या लागतात तितके दूधही लागते, हे इथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. नेमबाजाचे तेवढे समजून घ्यावे.

माझी मागणी मोठी नाही. महापालिका, जिल्ह्याचे क्रीडा अधिकारी, आमदार-खासदार, कारखाने आणि दूध संघ यांनी मिळून वर्षातून एकदा, हंगामाच्या आधी, जिल्ह्यातल्या स्पर्धक मुलांसाठी परवानाधारक मार्गाने एका लॉटची काडतुसे एकत्र घ्यावीत. रेंजवर भक्कम कपाटात ठेवावीत, दोन किल्ल्या दोघांकडे, रजिस्टरवर रोजची नोंद, किती दिली, किती उडाली, किती परत आली. खरेदीच्या किमतीलाच मुलांना द्यावीत आणि ज्यांना तेही परवडत नाही त्यांच्यासाठी वर्गणीचा निधी ठेवावा. पुढेमागे सेंटर फायरची काडतुसे भरायचा विचार झालाच, तर तो परवाना घेऊन, रेंजच्या आवारात, शिकलेल्या माणसाच्या हाताखाली व्हावा. कुणाच्या स्वयंपाकघरात नको.

त्या कपाटाच्या बिजागऱ्या आणि कड्या मी विनामूल्य करून देईन. रेंजवरच्या फिरत्या टार्गेटचे झिजलेले बुशही. त्यातले चार झालेसुद्धा. तो मुलगा सात-आठ दिवस रेंजवर फिरकला नव्हता, माझ्याशी बोलतही नव्हता. मग एका रविवारी मी त्याला शॉपवर बोलावले आणि लेथवर उभे केले. आता दर रविवारी सकाळी येतो. पहिला बुश त्याने वीस मायक्रॉन जास्त काढला. दुसरा हाताने ढकलला आणि बरोबर बसला.

आपला,
एक टर्नर आणि एका नेमबाज मुलीचा बाप
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर